आखाती रुपया ते दिरहम: कोकणातल्या पगाराचा भाव कुठे ठरतो

मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात अशी कितीतरी घरं आहेत, जिथला महिन्याचा खर्च दुबई, दोहा, कुवेत किंवा मस्कतच्या पगारावर चालतो. फोनवर ख्यालीखुशाली झाली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "आज रेट काय आहे?" या रेटमागे मोठा इतिहास आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वी असा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं. तेव्हा आखातात पगार रुपयातच मिळायचा आणि तो रुपया आपल्याच रिझर्व्ह बँकेचा असायचा.

मोत्यांच्या आणि खजुराच्या व्यापारामुळे कुवेत, बहरीन, कतार, दुबई, मस्कत या बंदरांची बाजारपेठ मुंबईशी बांधलेली होती. ब्रिटिश संरक्षणाखालच्या या संस्थानांत स्वतःची मध्यवर्ती बँक नव्हती, त्यामुळे भारतीय रुपया हेच रोजच्या व्यवहाराचं चलन होतं. रिझर्व्ह बँक 1 एप्रिल 1935 रोजी सुरू झाली आणि तिच्या नोटा या बंदरांतही चालू लागल्या. या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख (1943 ते 1949) महाडजवळच्या नाते गावचे. त्यांच्या काळात एका पौंडाला 13⅓ रुपये हा दर पक्का होता, आणि तोच दर आखातातही चाले.

अडचण सोन्याने आणली. स्वातंत्र्यानंतर भारतात सोन्याच्या आयातीवर बंदी होती, त्यामुळे मुंबईतला भाव जागतिक भावापेक्षा बराच चढा राहिला. दुबईत सोनं घ्यायचं, गलबतातून पश्चिम किनाऱ्यावर उतरवायचं, इथे रुपयांत विकायचं आणि नोटांची बंडलं परत आखातात न्यायची, असा धंदा फोफावला. चोरटं सोनं आलं, एवढ्यावर नुकसान थांबत नव्हतं. खरा घाव पुढच्या पायरीवर बसायचा. आखातातल्या बँका साठलेले रुपये रिझर्व्ह बँकेकडे पाठवून त्यांच्या बदल्यात पौंड मागत, आणि ते देणं बँकेला भाग होतं. म्हणजे तस्करीची किंमत शेवटी देशाच्या परकीय गंगाजळीतून चुकती व्हायची. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या यंत्रसामग्रीच्या आयातीने ती गंगाजळी 1957-58 मध्ये आधीच आटत आली होती.

यावर 1959 मध्ये कायद्यात बदल करून आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. हाच आखाती रुपया. एक, पाच, दहा आणि शंभर रुपयांच्या या नोटांचं चित्र आपल्या नोटांसारखंच होतं, पण रंग वेगळे होते आणि क्रमांकाआधी इंग्रजी 'झेड' अक्षर होतं. भारतात या नोटा चालत नसत आणि आखातातून पौंडांत बदलून मिळायच्या त्या याच नोटा, त्यामुळे किनाऱ्यावर सोन्याच्या बदल्यात मिळालेल्या साध्या नोटा आखातातल्या बँकेत भरण्याचा रस्ता बंद झाला. हज यात्रेकरूंसाठीही 'हज' असा शिक्का छापलेल्या वेगळ्या नोटा होत्या. माझ्या मते रिझर्व्ह बँकेच्या इतिहासातला हा फार नेमका उपाय होता. सोन्याची चोरटी आयात त्याने थांबली नाही, पण गंगाजळीची गळती जिथे होती तिथेच बुच बसलं.

आखाती रुपयाचा भाव मात्र भारतीय रुपयाशीच बांधलेला राहिला. कुवेत 1961 मध्येच बाहेर पडलं आणि 13⅓ रुपयांना एक दिनार या दराने त्याने स्वतःचं चलन आणलं. बहरीनने 1965 मध्ये दहा रुपयांना एक दिनार असा बदल केला. राहिलेल्यांवर 6 जून 1966 ची रात्र आली. दोन युद्धं, दुष्काळ आणि परकीय मदतीची चणचण यांमुळे भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं. डॉलर 4.76 रुपयांवरून 7.50 रुपयांवर गेला. दुबईच्या व्यापाऱ्याच्या तिजोरीतल्या रुपयाची किंमत एका रात्रीत 36.5 टक्क्यांनी घटली, आणि या निर्णयात त्याच्या शेखाला कुणी विचारलंही नव्हतं. कतार आणि दुबईने तात्पुरता सौदी रियाल घेतला, मग त्याच वर्षी दोघांनी मिळून स्वतःचा रियाल काढला. ओमानात आखाती रुपया 1970 पर्यंत टिकला. संयुक्त अरब अमिरातीचा दिरहम आला मे 1973 मध्ये.

स्वतःचं चलन आलं, तरी दर ठरवण्याची ताकद आखाताकडे आली नाही. तेलाचा पैसा डॉलरमध्ये येत असल्यामुळे बहुतेकांनी आपलं चलन डॉलरला बांधलं. एका डॉलरला सौदी रियाल 1986 पासून 3.75 वर, तर दिरहम 1997 पासून 3.6725 वर स्थिर आहे. एकटं कुवेत अनेक चलनांच्या टोपलीशी बांधलेलं आहे (2003 ते 2007 ही वर्षं सोडून). बांधलेल्या दराची अट कडक असते. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडरल रिझर्व्हने (फेड), व्याज वाढवलं आणि अबू धाबीने वाढवलं नाही, तर पैसा दिरहममधून डॉलरकडे धावेल. म्हणून अमिरातीची मध्यवर्ती बँक जवळपास त्याच दिवशी दर बदलते. फेडचा निर्णय आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेअकराला आणि हिवाळ्यात साडेबाराला येतो. दुबईच्या कर्जाचा हप्ता आणि कोकणात येणाऱ्या रकमेचा भाव, दोन्ही त्या रात्री हलतात.

याचा हिशेब सोपा आहे. डॉलर एक रुपयाने महागला की दिरहम साधारण 27 पैशांनी महागतो. घरी महिन्याला 1,500 दिरहम येत असतील, तर हातात सुमारे 408 रुपये जास्त पडतात. मात्र रुपयाच्या त्याच घसरणीने डिझेल आणि पामतेल महाग होतं, कारण दोन्ही डॉलरमध्ये विकत घ्यावी लागतात. म्हणून रेट अजून चढेल या आशेने घरचे पैसे तीन-तीन महिने अडवून धरण्यात फारसा लाभ नसतो, आणि तेवढ्यात इथे सावकाराचं किंवा पतसंस्थेचं व्याज चढलं तर तो तोटाच.

हे पैसे एके काळी बँकेतून येतच नसत. अधिकृत दर आणि बाजारातला दर यांत मोठी फट होती, म्हणून बँकेबाहेर पैसे पोचवणारा हुंडीवाला बँकेपेक्षा जास्त रुपये द्यायचा. ती फट 1992 आणि 1993 च्या विनिमय दर सुधारणांनी मिटवली, आणि सोनं आणण्यावरची बंधनंही सैल झाली. परदेशातून अधिकृत मार्गाने येणारे खासगी पैसे 1990-91 मध्ये सुमारे 2 अब्ज डॉलर होते, ते 1996-97 पर्यंत 12 अब्जांवर गेले. धाडी आणि कायद्यांनी जे जमलं नव्हतं ते योग्य दराने जमवलं.

परदेशातल्या भारतीयांच्या, म्हणजे अनिवासींच्या, ठेवींचा धडा देशाला महागात पडला. परकीय चलनातल्या ठेवींची पहिली योजना 1975 मध्ये आली, तेव्हा रुपया घसरला तर फटका रिझर्व्ह बँकेने सोसायचा असं ठरलं. ही चूक होती, कारण ऐंशीच्या दशकात रुपया घसरतच गेला. ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेत घेतलं, तेल महागलं, कामगार परतले आणि अनिवासी ठेवीदारांनी पैसे काढायला सुरुवात केली. जुलै 1991 मध्ये रिझर्व्ह बँकेला 46.91 टन सोनं तारण ठेवून 40.5 कोटी डॉलर उभे करावे लागले. नंतर 1993 च्या नव्या योजनेत दराची जोखीम बँकांवर टाकली. फेडने रोखे खरेदी करून बाजारात डॉलर ओतणं कमी करण्याचं सूतोवाच केलं तेव्हा, 28 ऑगस्ट 2013 रोजी डॉलर 68 च्या पुढे गेला. त्या वेळी रिझर्व्ह बँकेने बँकांना 3.5 टक्के दराने अदलाबदलीची खिडकी (ठेवींचे डॉलर देऊन रुपये घ्यायचे आणि मुदतीनंतर ठरलेल्या दराने डॉलर परत घ्यायचे) उघडून दिली आणि या ठेवींतून सुमारे 26 अब्ज डॉलर आले. जोखमीचा काही भार पुन्हा मध्यवर्ती बँकेकडे आला, पण या वेळी मुदत आणि किंमत आधी ठरवून.

आजच्या घडीला निवड दोन खात्यांत असते. 'एनआरई' ही अनिवासींची ठेव रुपयांत असते, तिचं व्याज अनिवासी असेपर्यंत करमुक्त असतं, पण रुपया घसरला तर डॉलरच्या हिशेबाने तोटा होतो. सात टक्के व्याज आणि चार टक्के घसरण असेल, तर हाती उरतात डॉलरमध्ये तीन टक्क्यांपेक्षा थोडे कमी. पैसे कोकणातच घर बांधायला किंवा होडीला लागणार असतील, तर ही घसरण फारशी बोचत नाही. 'एफसीएनआर' ही अनिवासींची दुसरी ठेव एक ते पाच वर्षांसाठी परकीय चलनातच राहते. मुलाचं शिक्षण किंवा खर्च परदेशात व्हायचा असेल, तर तीच बरी. कायमचे परत आल्यावर 'एनआरई' खातं तसंच चालू ठेवणं ही नेहमीची चूक आहे. ते निवासी खात्यात बदलून घ्यावं लागतं, आणि करमाफी तिथेच संपते. 'एफसीएनआर' ठेव मात्र ठरलेल्या व्याजाने मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येते.