पहाटे स्टार्ट न होणारी पिकअप आणि न ठिबकणारी गळती

मामांची पिकअप वीस वर्षांची आहे, डिझेल, पंप-नोझल सगळं मेकॅनिकल, कॉम्प्युटर-सेन्सरची भानगडच नाही. निफाडजवळच्या मळ्यातून पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला टोमॅटोचे क्रेट नेणे हे तिचं काम. गेल्या डिसेंबरात तिने पहाटे चालू व्हायला नाटकं सुरू केली. सेल मारला की घुर्रर्र घुर्रर्र करत राहायची, पाच-सहा वेळा मारल्यावर एकदाची खोकत खोकत उठायची, आणि मग दिवसभर बरी. मधेच एखाद्या चढावर लोड असताना दम सोडायची ते वेगळंच.

आता आपल्याकडे गाडी स्टार्ट होत नाही म्हटलं की पहिला बळी बॅटरीचा. मामांनी नवीन बॅटरी टाकली. मग सेल्फ उघडून झाला. मग कोणीतरी सांगितलं इंजिनचं कॉम्प्रेशन गेलंय, म्हणजे सिलेंडरमध्ये हवा नीट दाबलीच जात नाही, म्हणजे मोठा खर्च. शेवटी गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं, त्यांनी बॉनेटला हात पण नाही लावला, मागे सायलेन्सरपाशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, मारा सेल.

ते धूर बघत होते.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण मग पेटतं कसं? सायकलला हवा भरताना पंप खाली गरम लागतो ना, तेच. सिलेंडरमधली हवा साधारण वीसाव्या हिश्श्यात दाबली जाते आणि एवढ्या दाबाने ती कागदावरच्या हिशोबाने ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते, त्यात नोझल डिझेलचा बारीक फवारा मारतो आणि तो आपोआप पेट घेतो. म्हणजे इंजिनला लागतं काय, तर नीट दाबली गेलेली गरम हवा आणि वेळेवर फवारा. बस. सेल मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर भकाभका येतोय पण गाडी उठत नाही, तर बहुतेक डिझेल आत पोचतंय पण जळत नाहीये, म्हणजे गरमी कमी पडतेय. आणि धूरच नाही, तर डिझेलच पोचत नाहीये, मग तुम्ही बॅटरी बदला नाहीतर आख्खं इंजिन उतरवा.

मामांच्या गाडीला धूर शून्य.

तरी आधी गरमीची बाजू बघू, कारण थंडीत ती पण खरीच असते. निफाडला पारा ५-६ अंशांवर उतरतो, कधी त्याच्याही खाली. आता ३० अंशांची हवा दाबली काय आणि ५ अंशांची दाबली काय, फरक २५ चाच वाटतो, पण दाबल्यावर तो फरक पण वाढतो आणि शेवटी हवा ७०-८० अंशांनी थंड राहते. वर सेल्फ हळू फिरला तर अजून वांदा. मिनिटाला २०० फेरे असतील तर पिस्टन खालून वर यायला साधारण ०.१५ सेकंद, १०० फेरे असतील तर दुप्पट वेळ, आणि तेवढ्या वेळात गरमी गार लोखंडात शिरते, थोडी हवा पिस्टनच्या रिंगांमधून निसटते. म्हणून ज्या गाड्यांना हीटर प्लग, म्हणजे स्टार्टच्या आधी आतली जागा विजेने तापवणाऱ्या कांड्या, आहेत त्यांनी ते तापायची वाट बघावी, डॅशबोर्डवरचा त्यांचा दिवा विझायच्या आधी सेल मारू नये.

आणि सेल्फ हळू फिरतोय म्हणजे बॅटरीच खराब असं पण नसतं. सेल्फ २००-३०० अँपिअर खेचतो. टर्मिनलवर पांढरी बुरशी आलीय किंवा इंजिनची अर्थिंगची पट्टी गंजलीय आणि तिथे फक्त एक शतांश ओहमचा अडथळा तयार झाला, तरी तिथेच दोन-तीन व्होल्ट खपले. मीटर लावून बघा, चांगली चार्ज बॅटरी उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास दाखवते, सेल मारताना ९.६ च्या खाली कोसळू नये. कोसळत नाहीये तरी सेल्फ रेंगाळतोय, तर आधी पॉलिश पेपरने टर्मिनल घासा, नवीन बॅटरीचे पैसे नंतर.

आता आमच्या केसची खरी गंमत. मिस्त्रींनी मामांना विचारलं, रोज पहाटे त्रास देते का? मामा म्हणाले नाही, उतारावर लावली की पटकन होते. मळ्याच्या रस्त्याला उतार आहे, बॅटरीवर भरवसा नसल्यामुळे मामा रात्री गाडीचं तोंड उताराकडे करून लावायचे, म्हणजे पहाटे ढकलायची वेळ आली तर सोपं. पण तिथे ढकलायची वेळच यायची नाही, सेलवरच व्हायची. आणि ज्या रात्री क्रेट भरायला म्हणून तोंड चढाकडे असायचं, त्या पहाटे नाटकं हमखास. मिस्त्री हसले, म्हणाले, "एअर घेतीय."

डिझेलची टाकी गाडीत मागे आणि खाली, नोझलला डिझेल ढकलणारा पंप पुढे आणि वर. पंप डिझेल ओढून घेतो, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतच्या पाईपात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. या पाईपाला बारीक चीर असेल तर डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. म्हणूनच ही गळती दिसत नाही, खाली एक थेंब पडत नाही, वास नाही, काही नाही. गाडी रात्रभर उभी राहिली की त्या चिरेतून हवा शिरते आणि डिझेल हळूहळू टाकीकडे परत उतरतं, विहिरीच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह लीक असेल तर पाणी उतरतं अगदी तसं. तोंड चढाकडे असेल तर जास्त उतरतं, उताराकडे असेल तर कमी. टाकी फुल असली की त्रास कमी, हे पण मामांना नंतर आठवलं.

बरं, थोडी हवा आली तर एवढं काय? जुन्या गाडीचा नोझल साधारण २०० बारला उघडतो, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दोनशे पट दाब, आणि पंप एका वेळी ढकलतो जेमतेम थेंबभर डिझेल. डिझेल दाबलं जात नाही म्हणून तो धक्का जसाच्या तसा नोझलला पोचतो. मधे बुडबुडा आला की तो बुडबुडाच आकसतो, सुटतो, आकसतो, सुटतो, नोझल काही उघडत नाही. ब्रेकमध्ये एअर गेली की पेडल मऊ लागतं, तेच इथे. चालू गाडीत थोडे बुडबुडे परतीच्या पाईपाने टाकीत निघून जातात म्हणून दिवसभर बरी, पण चढावर लोड घेऊन जास्त डिझेल लागलं की ओढ वाढते, हवा पण जास्त येते आणि दम सुटतो.

मिस्त्रींनी फिल्टर आणि पंपाच्या मधे वीतभर पारदर्शक नळी टाकली आणि गाडी चालू केली. नळीत सोड्यासारखे बुडबुडे पळत होते. मग टाकीकडून येणारा रबरी पाईप क्लिपपाशी जरा वाकवून दाखवला, क्लिपच्या खाली रबर तडकलेलं, नखाएवढी चीर. दोन इंच कापून परत बसवला, फिल्टरवरचा स्क्रू सैल करून डिझेल पुढे ढकलायचा छोटा हँड पंप मारत राहिले, आधी फेस आला, मग नितळ डिझेल, मग स्क्रू आवळला. अर्ध्या सेलला गाडी. मामांचं तोंड बघण्यासारखं होतं, बॅटरीची पावती अजून खिशात होती.

एअर काढताना नोझलचा नट सैल केलात तर हात लांब ठेवा, त्या दाबाचा फवारा कातडीतून आत शिरतो, डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा फार वाईट प्रकार आहे तो. आणि एअर क्लीनरला पेट्रोलचा बोळा लावून स्टार्ट करायची हौस करू नका, हीटर प्लग तापलेला असेल तर भडका तुमच्या तोंडावर येईल.

परवा मामांचा फोन, मार्केटच्या गेटवर गाडी बंद पडली. मी म्हटलं परत एअर? ते म्हणाले नाही रे, एअरने मरते तेव्हा खोकत खोकत मरते, ही चावी फिरवल्यासारखी चटकन गेली. पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर सुटली होती. करंट गेला की तो डिझेल बंद करतो, तेच झालं होतं. मिस्त्रींना न बोलावता मामांनीच ती खोचली आणि रांगेत गाडी पुढे घेतली.