भडक नको, खरा हवा: फोटो एडिटिंगसाठी मॉनिटर निवडताना

दुकानात ओळीने मांडलेल्या मॉनिटरांपैकी जो चटकन नजरेत भरतो, तो फोटो एडिटिंगच्या कामाचा असेलच असं नाही. बहुतेक वेळा नसतोच. त्याचा उजेड कमाल पातळीवर ठेवलेला असतो, रंग मुद्दाम गडद केलेले असतात, पांढऱ्यात निळसर झाक असते. सिनेमा पाहायला हे छान आहे. पण पडद्याकडे पाहून चेहऱ्यावरचा तांबूसपणा कमी करायचा की नाही हे ज्याला ठरवायचं आहे, त्याची इथे फसगत होते. पडदाच तांबूस दाखवत असेल, तर तो फोटोत नसलेला दोष काढत बसतो आणि छापून आलेला चेहरा हिरवट दिसतो.

ही फसगत काम करताना लक्षात येत नाही, कारण डोळा आणि मेंदू सतत जुळवून घेत असतात. पिवळ्या दिव्याखालचा कागद आणि भर दुपारच्या उन्हातला कागद यांच्याकडून येणारा प्रकाश अगदी वेगळा असतो, तरी दोन्ही आपल्याला पांढरेच वाटतात. तसंच पडद्यासमोर थोडा वेळ बसलं की त्याचा निळसर पांढरा हाच पांढरा वाटू लागतो. मॉनिटरची पारख नुसत्या नजरेवर सोडता येत नाही ती यामुळेच.

फाइलमध्ये मुळात रंग नसतो, आकडे असतात. प्रत्येक पिक्सेलसाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, साधारणपणे ० ते २५५ मधले. ‘लाल २५५’ म्हणजे जमेल तेवढा लाल. पण कुणाला जमेल तेवढा? हे ठरवून देणाऱ्या रंगांच्या चौकटी आहेत. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मांडलेली एसआरजीबी ही त्यातली सर्वात रुळलेली. माणसाला दिसणाऱ्या रंगांच्या नकाशाचा साधारण एक तृतीयांश भाग तिच्यात येतो. १९९८ ची ॲडोबी आरजीबी जवळपास निम्मा भाग व्यापते. दोघींमधला फरक मुख्यतः हिरव्या आणि हिरवट निळ्या बाजूला आहे: उथळ समुद्राचं पाणी, दाट पानांमधून झिरपलेला उजेड. चांगले फोटो प्रिंटर यातल्या बऱ्याच छटा कागदावर उतरवू शकतात. एसआरजीबीपुरता मर्यादित मॉनिटर त्या दाखवूच शकत नाही. प्रिंटचं काम करणाऱ्याने म्हणूनच ॲडोबी आरजीबीचा ९९ टक्के किंवा त्याच्या आसपास भाग व्यापणारा मॉनिटर पाहावा. फोटो फक्त फोन आणि वेबसाइटवरच जाणार असतील, तर पूर्ण एसआरजीबी नेमकेपणाने दाखवणारा पडदा पुरतो, आणि उरलेले पैसे इतर ठिकाणी कामी येतात.

जाहिरातीतल्या टक्क्यांकडे मात्र जरा निरखून पाहा. ‘एसआरजीबीच्या १३० टक्के’ असा आकडा असेल तर तो क्षेत्रफळाचा आहे. पडदा लाल बाजूला चौकटीबाहेर बराच पसरलेला आणि निळ्या बाजूला आत राहिलेला असला, तरीही हा आकडा मिळू शकतो. आपल्याला हवी ती माहिती म्हणजे त्या चौकटीतले किती टक्के रंग पडदा प्रत्यक्ष दाखवतो. हा आकडा १०० च्या वर जाऊच शकत नाही.

रंगांचा आवाका मोठा असण्याचा तोटाही आहे. एसआरजीबीमधला साधा फोटो रंगांचं प्रोफाइल (आकड्यांमागचे रंग नेमके कोणते हे सांगणारी नोंद) न वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अशा मॉनिटरवर उघडला, की ‘लाल २५५’ला पडदा स्वतःचा सगळ्यात जहाल लाल लावतो. त्वचा उन्हाने भाजल्यासारखी दिसते आणि गवत विजेच्या दिव्यासारखं वाटतं. मॉनिटरमध्ये नीट जमवलेला एसआरजीबी मोड असणं आणि संगणकात त्या पडद्याचं प्रोफाइल भरलेलं असणं म्हणूनच गरजेचं आहे.

‘प्रिंट काळपट आली’ ही तक्रार फार जण करतात आणि दोष प्रिंटरला देतात. बहुतेकदा तो पडद्याच्या उजेडाचा असतो. मॉनिटर पेटीतून निघतो तेव्हा त्याचं तेज ३०० निटच्या (निट हे पडद्याचं तेज मोजण्याचं एकक) आसपास असू शकतं. कागद स्वतः उजळत नाही, खोलीतला उजेड परत फेकतो, एवढंच. झगझगीत पडद्यावर बरोबर दिसेल इतपत फोटो गडद केला, तर कागदावर तो बुडतोच. प्रिंटसाठी ८० ते १२० निट इतकं तेज ठेवावं, खोलीत मंद आणि दिवसभर न बदलणारा उजेड असावा, पडद्यामागची भिंत शक्यतो करड्या रंगाची असावी. एवढ्या साध्या बदलाने जो फरक पडतो, तो महागड्या मॉनिटरनेही पडत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता एक चाचणी. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सलग जाणारा करडा पट्टा पूर्ण पडदाभर उघडा. चांगल्या मॉनिटरवर तो एकसंध दिसतो. कमअस्सल मॉनिटरवर मध्येच पायऱ्या दिसतात, एखादी गुलाबी, शेजारची हिरवट. ८ बिटच्या पडद्यावर प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १० बिटवर १०२४. पण खरी मेख दुसरीकडेच आहे. रंग जुळवताना निळा कमी करावा लागला आणि ते काम ग्राफिक्स कार्डाने ८ बिटमध्ये केलं, तर २५६ पायऱ्यांतल्या कदाचित २३०च उरतात. व्यावसायिक मॉनिटर ही जुळवणी स्वतःच्या आत, १४ किंवा १६ बिटच्या तक्त्यात करतात, त्यामुळे पायऱ्या गळत नाहीत. याला हार्डवेअर कॅलिब्रेशन म्हणतात, आणि जास्तीचे पैसे द्यायचेच तर ते या सोयीसाठी द्यावेत.

त्याच पडद्यावर करड्या रंगाची एक छोटी खिडकी मधोमध ठेवा आणि सावकाश कोपऱ्याकडे सरकवा. ती वाटेत काळवंडली किंवा तिची छटा बदलली, तर तुमच्या फोटोतलं आकाशही तसंच बदलणार.

पॅनेल, म्हणजे चित्र उमटवणारा पडद्याचा मुख्य भाग, आयपीएस प्रकारचं घ्यावं. व्हीए या दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलचा काळा जास्त गडद असतो, पण मान जरा हलली की सावल्यांमधले तपशील बदलतात. ओलेडचा काळा अप्रतिम. मात्र एडिटिंगच्या टूलबारसारखी एकाच जागी तासन्‌तास राहणारी चित्रं त्यावर कायमची उमटण्याचा धोका असतो. आकार २७ इंच सोयीचा. २५६० बाय १४४० मध्ये इंचाला सुमारे १०९ पिक्सेल मिळतात, फोरकेमध्ये (३८४० बाय २१६०) १६३. फोरकेवर सगळंच रेखीव दिसतं, म्हणून शार्पनिंग तपासताना जास्त झूम करावं लागतं. रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ भरपूर झाला.

रंगातली चूक डेल्टा ई या मापाने सांगतात. १ च्या आतला फरक डोळ्याला जेमतेम कळतो. कारखान्याच्या अहवालात सरासरी २ च्या खाली असावी, आणि सर्वात मोठी चूक किती हेही पाहावं. चांगल्या सरासरीमागे एखादा बिघडलेला रंग दडू शकतो.

मोजमापाचीही मर्यादा आहे. रंगमापनाचा पाया म्हणजे १९३१ मध्ये ठरलेला ‘प्रमाण निरीक्षक’, म्हणजे सरासरी माणसाच्या रंगदृष्टीचा नमुना. तो १९२० च्या दशकात राइट आणि गिल्ड या संशोधकांनी अनुक्रमे १० आणि ७ जणांवर केलेल्या प्रयोगांतून आला. तुमचे डोळे त्या १७ जणांच्या सरासरीहून थोडे वेगळे असणारच. म्हणून बॅकलाइट (पडद्यामागचे दिवे) निराळे असलेले दोन मॉनिटर यंत्रावर तंतोतंत जुळले, तरी शेजारी ठेवल्यावर एकाचा पांढरा किंचित वेगळा दिसू शकतो. अशा वेळी रंगाचा निर्णय दोनांपैकी एकाच पडद्यावर घ्यावा, दुसऱ्यावर फक्त टूलबार ठेवावेत.

मॉनिटरबरोबर कलरीमीटर, म्हणजे पडद्यावरचे रंग मोजणारं यंत्र, घ्यायलाच हवा. पडदा अर्धा तास तापू द्यावा, मग पांढऱ्यासाठी ६५०० केल्विन, गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात हे ठरवणारा आकडा) २.२ आणि ठरलेलं तेज यांवर तो जुळवावा, आणि महिन्यातून एकदा पुन्हा. बॅकलाइट जुना होत जातो तसं त्याचं तेज उतरतं आणि छटाही सरकते. वापरलेला मॉनिटर घेत असाल, तर अनेक व्यावसायिक मॉडेलांच्या मेन्यूत तो एकूण किती तास चालला हे दिसतं. सौदा करण्याआधी तो आकडा पाहून घ्या.