२० पडले म्हणून राजा सिंहासन सोडत नाही

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या पात्रं घेऊन गोष्ट रचत खेळायच्या खेळात कृती जमली का, हे वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. तिथे 'मन वळवताना फाशावर २० पडले की समोरचा काहीही कबूल करतो,' हा समज वर्षानुवर्षे फिरतोय. नौपाड्यातल्या आमच्या रविवारच्या टेबलावरही तो येतो, आणि ते साहजिक आहे: हल्ल्याच्या फेकीत २० म्हणजे हमखास फटका. पण खेळाच्या २०१४च्या नियमांत कौशल्याच्या फेकीला, म्हणजे मन वळवण्यासारख्या कृतीच्या फेकीला, ही हमी नाही. तिथे २० मध्ये आपल्या पात्राच्या कौशल्याची भर मिळवून बेरीज खेळ चालवणाऱ्याने ठरवलेल्या आकड्याशी ताडायची. भर ३, आकडा २५? बेरीज २३, म्हणजे जमलं नाही. खेळाडूंच्या पुस्तकात दोन्ही फेकींचे नियम शेजारी ठेवून वाचा. शिवाय २० पडण्याची शक्यता ५ टक्के. तेवढ्यावर कुठला द्वारपाल किल्ल्याच्या चाव्या देईल? खेळ चालवताना मी फेकीआधीच ठरवतो, राजाला काय गमवायचं नाहीये. सिंहासन तो देणार नाही, पण तहाच्या बोलणीला बसेल.