मकाय, इयन
मकाय, इयन : (१६ एप्रिल १९६२ – ). अमेरिकन हार्डकोर पंक (पंक रॉकचा अतिवेगवान, आक्रमक प्रकार) गायक व गिटारवादक. डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स या तबकड्या काढणाऱ्या संस्थेचे सहसंस्थापक. जन्म वॉशिंग्टन (डी. सी.) येथे. वडील वॉशिंग्टन पोस्टमध्ये धर्मविषयक लेखन करीत. विल्सन हायस्कूलमध्ये जेफ नेल्सन यांच्याशी गाठ पडली आणि पुढचे सगळे काम या ओळखीतून उभे राहिले.

टीन आयडल्स (१९७९–८०) या पहिल्या महत्त्वाच्या बँडमध्ये मकाय गात नसत, बेस वाजवीत. कार्यक्रमांचे पैसे वाटून न घेता साठवले गेले. बँड मोडला तेव्हा शिल्लक सुमारे ६०० डॉलर होती. तिच्यातून आठ गाण्यांची सात इंची तबकडी डिसेंबर १९८० मध्ये निघाली. पहिल्या प्रती १,०००. ध्वनिमुद्रण आर्लिंग्टन (व्हर्जिनिया) येथील डॉन झिएन्टारा यांच्या इनर इअर स्टुडिओतले. डिस्कॉर्डची ही पहिली तबकडी.

वेष्टने घरीच केली जात. एक तयार इंग्लिश वेष्टन चिकटवलेल्या कडांवर उसवून सपाट करायचे, त्याची बाह्यरेषा गिरवायची, त्या मापाचा मजकूर छापखान्यातून सपाट कागदावर छापून आणायचा. मग कात्रीने कापून, घड्या पाडून, कडांना गोंद लावायचा. घडी केसभर आत पडली तरी तबकडी आत सरकत नाही. गोंद जास्त झाला तर वेष्टनाच्या दोन बाजू आतून चिकटतात. गाण्यांचे शब्द वेगळ्या कागदावर छापून आत घातले जात. इतक्या वेगाच्या गायनात शब्द कानाने पकडणे अवघड असल्याने हा कागद गाण्याइतकाच महत्त्वाचा आहे.

या तबकडीच्या वेष्टनावर एकमेकांवर ठेवलेल्या मुठी असून त्यांच्या पाठीवर काळ्या शाईने ‘एक्स’ काढलेले आहेत. या खुणेच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. रूढ हकिगत अशी : ऑगस्ट १९८० च्या सुमारास बँड कॅलिफोर्नियाला गेला असता सॅन फ्रान्सिस्कोच्या माबुहाय गार्डन्समध्ये (मूळचे फिलिपिनो उपाहारगृह) मद्यपानाच्या वयाखालच्या मुलांना दाराशी न अडवता त्यांच्या हातांवर खूण करून आत सोडले गेले, बँडच्या मुलांनी ती युक्ती वॉशिंग्टनच्या क्लबचालकांपुढे ठेवली. दारावर अशी खूण करण्याची पद्धत अन्यत्रही आधीपासून असावी, तेव्हा ‘शोध’ हा शब्द येथे जपून वापरावा लागतो. ‘एक्स’ म्हणजे आरंभापासून व्यसनमुक्तीची शपथ, असे मत ‘स्ट्रेट एज’ या पंक श्रोत्यांमधील व्यसनमुक्त चळवळीत रुजले आहे. पण तारखांचा क्रम त्याला अनुकूल नाही : खूण १९८० च्या वेष्टनावर आहे, आणि ज्या गाण्यावरून चळवळीला ‘स्ट्रेट एज’ हे नाव पडले ते १९८१ चे. बारमालकाला कोणाला दारू द्यायची नाही हे दिसावे एवढीच तिची मूळ कामगिरी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तीन ‘एक्स’चे रूप नेल्सन यांनी भित्तिपत्रकात वॉशिंग्टनच्या ध्वजावरील तीन ताऱ्यांच्या जागी काढले, असे सामान्यतः मानले जाते.

मायनर थ्रेट (१९८०–८३) मध्ये मकाय गायक झाले. नेल्सन ड्रमवर, लाइल प्रेसलर गिटारवर, ब्रायन बेकर बेसवर. या बँडच्या पहिल्या तबकडीतली आठ गाणी दहा मिनिटांच्या आत संपतात. ‘स्ट्रेट एज’ सुमारे ४६ सेकंदांचे आहे. तेवढ्यात दोन कडवी आणि दोनदा ध्रुपद बसते. वॉशिंग्टनच्याच बॅड ब्रेन्स या बँडचा वेग हा या मुलांपुढचा आदर्श होता. मकाय यांचे वैशिष्ट्य मात्र निराळे : ओरडतानाही व्यंजने तुटत नाहीत, ओळी लहान असतात आणि शब्दांचे आघात ड्रमच्या ठोक्यावर पडतात. त्यामुळे पुढच्या रांगेतली मुले माइकवर झेपावून ओळ पुरी करू शकत.

‘आउट ऑफ स्टेप’ या गाण्यात दारू, धूम्रपान आणि बेफिकीर शरीरसंबंध नाकारलेले आहेत. वाक्यात ‘मी’ स्पष्ट नसेल तर ऐकणाऱ्याला तो हुकूम वाटेल, असा नेल्सन यांचा आग्रह होता. १९८३ च्या आवृत्तीत छापील शब्दांत ‘मी’ कंसात आला आणि हे नियम नव्हेत असे सांगणारे बोलणे मध्ये घातले गेले. नंतरच्या आक्रमक स्ट्रेट एज गटांनी त्याकडे काणाडोळा केला, हे खेदजनक आहे. बँडचा अखेरचा कार्यक्रम २३ सप्टेंबर १९८३ रोजी झाला.

एम्ब्रेस (१९८५–८६) या बँडनंतर फुगाझी हा बँड. पहिला कार्यक्रम ३ सप्टेंबर १९८७, विल्सन सेंटर, वॉशिंग्टन. जो लॅली (बेस), ब्रेंडन कँटी (ड्रम) व गाय पिचोटो हे सहकारी. तिकीट शक्यतो पाच डॉलर, प्रवेश सर्व वयांना. टी-शर्ट विकायचे नाहीत, कार्यक्रम स्वतः ठरवायचे, सोबतची माणसे मोजकी ठेवायची, म्हणून हा दर परवडे. दुकानदाराने भाव चढवू नये यासाठी टपालखर्चासह किंमत वेष्टनावरच छापलेली असे. गर्दीत कोणी इतरांवर आदळू लागला की गाणे थांबवून त्याला समज दिली जाई. न ऐकल्यास तिकिटाचे पाच डॉलर घातलेले पाकीट हातात देऊन बाहेर पोचवले जाई. मागे उभ्या असलेल्या लहानखुऱ्या श्रोत्यांना, विशेषतः मुलींना, पुढे येता यावे हा त्यामागचा हेतू होता.

रिपीटर (१९९०) ते द आर्ग्युमेंट (२००१) असे सहा अल्बम निघाले. नोव्हेंबर २००२ मधील लंडनच्या कार्यक्रमांनंतर बँड थांबला. पुढे एमी फरिना यांच्यासह द इव्हन्स हा बँड, आणि लॅलीही आल्यावर कोरिकी हा बँड (अल्बम २०२०). फुगाझीच्या तंत्रज्ञांनी कॅसेट, डॅट (डिजिटल ध्वनिफीत) व सीडीवर टिपलेले ८०० हून अधिक कार्यक्रम जपले गेले होते; ते डिसेंबर २०११ पासून क्रमाक्रमाने उपलब्ध झाले. सुचवलेली किंमत प्रत्येकी पाच डॉलर.