डोमेन नावाची थेट विक्री : मराठवाडा

आपल्याकडे नोंदवलेले डोमेन नाव, म्हणजे संकेतस्थळाचा इंटरनेटवरचा पत्ता, ज्या कंपनीच्या कामाचे आहे, तिला आपणहून गाठून ते विकणे याला थेट विक्री म्हणतात. 'डॉट कॉम'ची नोंदणी १९८५ साली सुरू झाली, 'डॉट इन' २००५ साली सर्वांना खुले झाले. सोपी इंग्रजी नावे केव्हाच संपली आहेत. मराठवाड्यात वाव आहे तो मालाच्या आणि गावाच्या नावांना: जालन्याचे बियाणे आणि सळई, लातूरची तूरडाळ आणि शिकवणी वर्ग, वसमतची हळद, वाळूजमधले वाहनांचे सुटे भाग.

इथली खरी मेख रोमन स्पेलिंगची आहे. 'मोसंबी' लिहिताना कोणी 'एस'पुढे 'ए' लावतो, कोणी 'यू'. 'हळद'मधला 'ळ' तर रोमनमध्ये नाहीच. तिथे 'एल' लिहून भागवावे लागते. नाव घेण्याआधी मोंढ्यात एक चक्कर मारावी. दुकानांच्या पाट्या, पोत्यांवरचे छापे आणि पावतीपुस्तके यांवर जे स्पेलिंग वारंवार दिसते तेच गिऱ्हाईक टाइप करते. व्याकरणाने शुद्ध पण कोणीच लिहीत नाही असे नाव पडून राहते. २०१४ साली देवनागरीतले 'डॉट भारत' आले आणि ही अडचण सुटायला हवी होती, पण व्यापाऱ्याच्या व्हिजिटिंग कार्डावर अजूनही रोमन पत्ताच छापलेला असतो. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. ज्यांच्या डोमेनमध्ये जुने गाव आहे, त्यांच्याशी बोलायला हे सरळ निमित्त आहे.

संपर्क मालकाशीच करावा. लहान कारखान्यात संकेतस्थळ सांभाळणारा मुलगा निर्णय घेत नाही, आणि अडत्याला सौद्याच्या वेळी फोन केला तर तो ऐकूनच घेत नाही. सौदे उरकल्यावर, शक्यतो ओळखीच्या माणसाबरोबर, पेढीवर जावे. निरोप पाठवायचा असेल तर तो असा असावा: 'नमस्कार शेठ. आपण जो माल विकता त्याच्या नावाचे डोमेन माझ्याकडे आहे. किंमत वीस हजार रुपये. नको असेल तर पुन्हा त्रास देणार नाही.' यात किंमत आहे आणि नकाराला जागाही आहे. 'दुसरी पार्टी घ्यायला बसली आहे' असे खोटे सांगणारा आपल्यामागून येणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याची वाट बिघडवतो.

कायद्याची रेषा इथे फार महत्त्वाची आहे. मालाचे सर्वसाधारण नाव विकणे हा व्यापार; दुसऱ्याचा ट्रेडमार्क आधी नोंदवून त्यालाच विकायला जाणे ही अडवणूक. डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखे संरक्षण मिळू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सत्यम इन्फोवे खटल्यात स्पष्ट केले. 'डॉट कॉम'च्या तंटा निवारण धोरणात, ट्रेडमार्कच्या मालकालाच खर्चापेक्षा जास्त किमतीला विकण्याच्या मुख्य हेतूने नाव घेणे हा दुष्ट हेतूचा पुरावा मानला जातो. म्हणजे जालन्यातल्या एखाद्या बियाणे कंपनीचेच नाव घेऊन तिला धाडलेला ईमेल पुढे विक्रेत्याच्याच विरोधात उभा राहतो. 'डॉट इन'चे तंटे निक्सीच्या, म्हणजे ही नावे सांभाळणाऱ्या संस्थेच्या, लवादापुढे जातात. 'जालना मोसंबी', 'मराठवाडा केसर' (आंबा) यांना भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागातल्या मालाच्या नावाला कायद्याचे संरक्षण, आहे, तेव्हा अशी नावे घेताना दहादा विचार करावा.

सौदा ठरल्यावर पैसे आधी की नाव आधी, यावर गाडी अडते. मोठ्या रकमेला एस्क्रो बरा: पैसे तिसऱ्याकडे राहतात आणि नाव खरेदीदाराच्या खात्यात दिसल्यावरच विक्रेत्याला मिळतात. दोघांची खाती एकाच रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे, असतील तर नाव थेट त्या खात्यात सरकवता येते. नाहीतर नावावरचे हस्तांतराचे कुलूप काढून ऑथ कोड, म्हणजे नाव हलवण्याचा गुप्त संकेतांक, द्यावा लागतो. नवे 'डॉट कॉम' सहसा ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही, हे आधीच सांगून टाकावे. बिल न मागता द्यावे, कंपनीला खर्च दाखवायला ते लागतेच.

बँकांचे दार मात्र बंद झाले आहे. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'वर जाण्यास सांगितले, त्यात जिल्हा मध्यवर्ती आणि नागरी सहकारी बँकाही आल्या. ही नावे फक्त बँकांनाच मिळतात. पतसंस्था बँक नसल्याने त्या आदेशात येत नाहीत. त्यांच्याकडे गावाच्या नावाचे डोमेन घेऊन अजूनही जाता येते.