ओके: टिकून राहिलेला एक पांचट जोक

दिवसातून किती वेळा ओके म्हणतो आपण, हिशोबच नाही. फोन ठेवताना ओके, बॉसचा मेसेज आला की ओके, पण फुल फॉर्म विचारला की गडबड. 'ऑल करेक्ट' म्हणावं तर इंग्रजीत ते ए आणि सी पासून सुरू होतं, मग ओ आणि के आले कुठून?

गंमत तीच आहे. १८३० च्या दशकाच्या शेवटी बॉस्टनच्या पेपरवाल्यांना शॉर्टफॉर्मचं खूळ लागलं होतं, हल्लीची पोरं चॅटवर करतात तसंच, आणि त्यात भर म्हणजे स्पेलिंग मुद्दाम अडाण्यासारखं करायचं. 'ऑल राइट'चं ओ डब्ल्यू, 'ऑल करेक्ट'चं ओ के. २३ मार्च १८३९ च्या बॉस्टन मॉर्निंग पोस्टमध्ये हा ओके छापून आला, संपादक चार्ल्स गॉर्डन ग्रीन, आणि मजकूर काय तर दुसऱ्या एका पेपरच्या संपादकाला मारलेला टोमणा. म्हणजे पांचट जोकच म्हणायचा.

बाकीचे शॉर्टफॉर्म वर्षा-दोन वर्षात विस्मरणात गेले, ओके मात्र वाचला कारण लगेच १८४० ची निवडणूक आली. राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन न्यूयॉर्क राज्यातल्या किंडरहूक गावचे, टोपणनाव 'ओल्ड किंडरहूक', झालं, आद्याक्षरं जुळली. समर्थकांनी ओके क्लब काढले. विरोधकही गप्प बसणारे नव्हते, त्यांनी उठवलं की आधीचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना स्पेलिंग येत नाही म्हणून ते कागदांवर ओके लिहायचे. व्हॅन ब्युरेन पडले, विल्यम हेन्री हॅरिसन आले, पण शब्द दोन्ही बाजूंनी इतका घासला गेला होता की लोकांच्या तोंडातून गेलाच नाही.

मूळ जोक मात्र सगळे विसरले, मग काय, थिअऱ्यांना ऊत. कोणी म्हणे चॉक्टॉ या मूळ अमेरिकन भाषेतला शब्द, राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना तर हे इतकं पटलेलं की ते 'ओकेह' असंच लिहायचे. शेवटी कोलंबिया विद्यापीठाचे ॲलन वॉकर रीड यांनी जुने पेपर चाळून चाळून १९६३-६४ मध्ये सगळं पुराव्यासकट मांडलं आणि जॅक्सनची गोष्ट प्रचारातली थाप निघाली. मला या माणसाच्या चिकाटीचं जाम कौतुक वाटतं.

आपल्याकडे हा शब्द ट्रकच्या मागेही जाऊन बसला, ते 'हॉर्न ओके प्लीज' महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये बंद केलं, उगाच हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळतं म्हणून. आणि २०२२ ला गुवाहाटीहून सांगोल्याचे आमदार शहाजी पाटील यांचा तो फोन, काय झाडी, काय डोंगार, काय हाटील, त्यानंतर ओकेचं 'ओक्के' झालं ते झालंच. बॉस्टनवाल्यांनी स्पेलिंग बिघडवलं होतं, आपण उच्चारात एक क वाढवला.