गाडी डावाच टायर का खाते?

कोल्हापूरजवळचा किणी टोलनाका मागे टाकून वेग ८० वर गेला की आमच्या गाडीचं स्टेअरिंग थरथरायचं आणि मागच्या कप्प्यातले स्टीलचे डबे वाजायला लागायचे. ९५ च्या पुढे थरथर आपोआप कमी. जुनी मिनीबस घेऊन तिच्यात ओटा, पलंग, पाण्याची टाकी, बॅटऱ्या बसवून आम्ही ती चाकांवरचं घर केली होती. वर्षाच्या आत पुढचा डावा टायर दोन्ही कडांना गोटा झाला. मधली नक्षी मात्र शाबूत. बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं, तीनदा करून घेतलं. दर वेळी फरक चार दिवसांपुरता.

नेमकी ८० लाच थरथर का, हे गणित सोपं आहे. आमच्या टायरचा परीघ सुमारे २.२ मीटर. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर, म्हणजे चाकाचे सेकंदाला १० फेरे. स्प्रिंगवर लटकलेलं चाक वरखाली नाचतं त्याचीही स्वतःची एक लय असते, साधारण सेकंदाला १० ते १५ वेळा. नागपंचमीच्या झोक्याला नेमक्या क्षणी हलका रेटा मिळाला तरी तो उंच जातो, तसंच इथे होतं. रिमच्या कडेला एका जागी ५० ग्रॅम वजनाची तूट असेल तर या वेगाला ती चाकाला जवळजवळ चार किलो वजनाइतक्या जोराने, दर सेकंदाला दहा वेळा ओढते. वेग निम्मा केला की हा जोर चौथाई होतो. म्हणून गावात काहीच जाणवत नाही.

मग बॅलन्सिंगने का भागलं नाही? कारण मशीनवर चाक अधांतरी फिरतं. त्यावर गाडीचा भार नसतो. टायर जागोजागी झिजून त्यात खळगे पडले असतील, तर शिशाचे तुकडे लावून वजन जुळतं, पण टायर गोल होत नाही.

हे मला समजलं कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका जुन्या मेस्त्रींकडे. त्यांनी गाडी मशीनवर चढवलीच नाही. पुढच्या चाकाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "हात फिरवा बघू, दादा. भाईरनं आत न्या, आता आतनं भाईर आणा." आत नेताना तळवा सुळकन गेला. बाहेर आणताना नक्षीची प्रत्येक धार करवतीसारखी लागली. उजव्या चाकालाही तेच. दोन्ही चाकांची तोंडं पुढे एकमेकांकडे जास्त वळली आहेत, टो-इन जास्त झालंय, याची ही खूण. चाक अर्ध्या अंशाने जरी तिरकं असलं, तरी किलोमीटरमागे ते जवळजवळ नऊ मीटर आडवं घासत जातं. गोव्याला जाऊन येईपर्यंत टायर काही किलोमीटर आडवा खरवडला जातो.

पण अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, तर झालं होतं! झालं होतं, ते गाडी रिकामी असताना. माझ्या मते सगळी गोम इथे आहे. बस कधी भरलेली असते, कधी रिकामी. चाकांवरचं घर मात्र कायम भरलेलं असतं, आणि तेही एका बाजूला. पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर असतील, म्हणजे प्रत्येक चाक वेगवेगळं वरखाली होत असेल, तर गाडी खाली बसताच त्यांचे कोन बदलतात. रिकाम्या गाडीवर जुळवलेला कोन मग रस्त्यावर राहत नाही.

शिरोलीकडच्या एका वजनकाट्यावर गेलो. ऊसाचे ट्रॅक्टर पुढे होते, तासभर थांबलो. काटा जमिनीशी समतल होता, म्हणून आधी फक्त डावी चाकं चढवून घेतली, मग फक्त उजवी. डावीकडे दोनशे किलोंच्या आसपास जास्त भरले. १२० लिटरची टाकी आणि दोन बॅटऱ्या, सगळं त्याच बाजूला. हवा मात्र दोन्हीकडे सारखी भरलेली. त्या भाराला ती कमी पडायची, डावा टायर दबायचा आणि दोन्ही कडांवर चालायचा.

बॅटऱ्या उजवीकडे नेल्या. पुढचे शॉकअप मऊ पडले होते, ते बदलले, कारण शॉकअप गेला की चाक उडत उडत चालतं आणि टायरला तेच खळगे पाडतं. पुढचे दोन्ही टायर नवे घेतले. मग टाकी काठोकाठ भरून, सामानासकट अलाइनमेंट केलं. हवा टायर कंपनीच्या तक्त्यातून घेतली. पुढच्या दोन चाकांपैकी जास्त भार असलेल्या चाकाचा आकडा धरला आणि दोन्हीकडे तेवढीच भरली. ती सकाळी, गाडी हलवायच्या आधी मोजायची. चालून तापलेल्या टायरमधली वाढलेली हवा सोडली, तर थंड झाल्यावर ती कमीच भरते.

डबे आता गप्प आहेत. मागची जोडचाकं तपासायची राहिली आहेत. तिथे दोन टायरांच्या व्यासात एक सेंटिमीटरचा जरी फरक असला, तरी दोन्ही एकाच हबवर, म्हणजे चाकामधल्या फिरत्या तुंब्यावर, बांधलेले असल्याने फेरे सारखेच होतात आणि किलोमीटरमागे त्यांच्यात सुमारे चौदा मीटरची ओढाताण होते. करूळ घाट उतरायच्या आधी येत्या रविवारी टेप घेऊन चारही टायरांचे परीघ मोजणार आहे.